ॲनिमोनीच्या कडेचा गुच्छ

नेदरकोम्ब, ग्लॉस्टरशायर
१४ मार्च १९८२

प्रिय हेक्टर,

पार्सलातला चिखल तुझ्या गालिच्यावर सांडला असेल तर बोल मला लावू नकोस, पोस्टाला लाव. मी आपलं ओल्या शेवाळात गुंडाळून, वर्तमानपत्रात बांधून, वर बिस्किटाच्या डब्यात कोंबून दिलं होतं. आता उघडल्या उघडल्या लाव. आधी चहा, मग पेपर, मग बघू, असं करू नकोस. फुलं सरल्यावर, पानं हिरवी असताना मुळाच्या कांद्यासकट उपटलेला स्नोड्रॉप कुठेही तग धरतो, पण एकदा सुकला की संपला. जन्मभर पोरांना शिकवलेल्या माणसाला हे मी दरवर्षी सांगायचं म्हणजे कमाल आहे.

गावठीच आहेत, हिवाळ्याअखेर मान खाली घालून फुलणारे पांढरे, भारी काही नाही. नव्या घराची जागा अगदी ओसाड आहे असं तू रडगाणं गायलं होतंस, म्हणून पाठवले. हेझलच्या झुडपाखालचा गुच्छ फार दाटला होता, तो अख्खाच उपटून चर्चच्या टेबलावर ठेवला. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर लोकांनी भराभर उचलला. त्यातलेच मूठभर तुझ्यासाठी आधी काढून ठेवले होते.

तुझी निळी ॲनिमोनी त्याच हेझलखाली फोफावलीय. काही वर्षांपूर्वी तू पाकिटातून तिची मुळं पाठवलीस तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याने चुकून काडीकचरा पाठवला, आणि मी ती जवळजवळ शेगडीत घातली होती. आता बघावं तिकडे तीच. पण ऊन पडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असा हट्ट असलेलं फूल स्कॉटलंडातल्या माणसाने का म्हणून लावावं? तुमच्याकडे ती उघडते तरी कधी?

आणि विल्फच्या स्नोड्रॉपबद्दल तू पुन्हा विचारलंस. उत्तर तेच, नाही. विल्फ तुझा चुलतभाऊ होता हे कबूल, पण माझा नवरा होता. तो गेला तेव्हा जो तो काहीतरी घेऊन गेला. पोस्टाने टपालाची पिशवी नेली, सायकल नेली. त्याच्या भावाने कोट नेला. तू मासे पकडायची काठी नेलीस. मी कुणाला नाही म्हटलं नाही. ही एक गोष्ट मात्र माझी. तिच्यातला एक कांदासुद्धा कुणाला मिळणार नाही.

अक्षर मोठं आलंय ते नव्या जाड पेनामुळे.

तुझी,
म्युरिएल


किलडॉन, फाइफ
२२ मार्च १९८२

प्रिय म्युरिएल,

उघडल्या उघडल्या लावले. म्हणजे चहा झाल्यावर. पण पेपर वाचला नाही, याची नोंद घ्यावी.

उत्तरेच्या भिंतीखाली जागा दिलीय. माती चिकट आहे, पण तुझे गावठी काय, दगडावरही येतील. मनापासून आभार. या घरात आल्यापासून खिडकीतून नुसता चिखल दिसत होता. आता चिखलात उभी राहिलेली चार हिरवी पानं दिसतात, आणि खरं सांगतो, सकाळी लापशी खाताना मी त्यांच्याशी दोन शब्द बोलतो.

ॲनिमोनीला नावं ठेवू नकोस. आमच्याकडेही ऊन पडतं. गेल्या वर्षी एका मंगळवारी पडलं होतं.

नव्या पेनाचं अभिनंदन. एका पानावर सहा ओळी बसवणारं पेन मी आजवर पाहिलं नव्हतं. चर्चच्या दारावर लावायच्या सूचना तू याच पेनाने लिहितेस का?

विल्फच्या स्नोड्रॉपचं म्हणशील तर मी मागत राहणार. रस्ता रुंद करायला ज्या कुंपणावर मशीन चालणार होतं, त्याच्याखाली आदल्या दिवशी टपाल वाटता वाटता विल्फला तो दिसला आणि त्याने टोपीत घालून आणला, तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात मी बसलो होतो. पानांवरून अगदी गावठी. पण फूल उघडून बघितलं तर आतल्या पाकळ्या जवळजवळ पूर्ण हिरव्या, फक्त कडेला पांढरी रेघ. टेबलावर ऊब लागली तसा त्याला कडू बदामाचा वास यायला लागला. मी म्हटलं, केकवरच्या बदामाच्या थरासारखा. तू म्हणालीस, मांजरीसारखा. विल्फ म्हणाला, तुमचं दोघांचं नाक कामातून गेलंय, आणि टोपी घालून पुढची पत्रं वाटायला गेला.

आम्हा सगळ्यांना तूच शिकवलंस की जे रोप जपायचं ते आधी दोघातिघांना द्यावं, म्हणजे आपलं गेलं तर परत मागता येतं. सगळा इंग्लंड-स्कॉटलंड तुझ्याकडचे स्नोड्रॉप मिरवतोय, आणि ह्या एकाच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षं तू माझ्या तोंडाला पानं पुसतेस. एक उंदीर, एक कडक हिवाळा, एक अळी, आणि जगातला एकुलता एक गुच्छ संपला. मला हाव आहे हे खरं, पण भीतीही वाटते.

तुझा,
हेक्टर


किलडॉन
१५ फेब्रुवारी १९८३

प्रिय म्युरिएल,

सोबतच्या तंबाखूच्या डबीत ओल्या कापसावर एक फूल ठेवलंय. आधी ते बघ, मग पत्र वाच. बघितलंस? नाही, नीट बघ. भिंग घे.

ओढ्याच्या काठावर हजारो गावठी फुलले होते, त्यांच्यात हे एकटं उभं होतं. मी गुडघ्यावर बसलो तो मला उठताच येईना. शेवटी गुराख्याच्या बायकोने हात दिला. तिला वाटलं मला झटका आला. कांदा खणून आणलाय आणि कुंडीत लावलाय.

आता तू सांग. नेदरकोम्बच्या म्युरिएल ट्रँटरबाईंच्या नजरेतून आजवर एकही स्नोड्रॉप सुटलेला नाही अशी ख्याती आहे. याच्या आतल्या हिरव्या खुणेबद्दल तुझं मत काय? मला फक्त तेवढंच ऐकायचंय. तुझं उत्तर आलं की याचं नाव काय ठेवायचं ठरवलंय ते सांगतो. तुला आवडेल असं वाटतं.

तुझे भिंतीखालचे गावठी आता कुठे नाक वर काढतायत. जागा बदलल्याचा राग अजून गेलेला दिसत नाही.

तुझा,
हेक्टर


नेदरकोम्ब
२० फेब्रुवारी १९८३

प्रिय हेक्टर,

फूल पोचलं, ताजंतवानं होतं. सुंदरच आहे. हिरवी खूण विशेष छान आहे, नाजूक आणि रेखीव. अशी खूण मी पूर्वी एकदोनदा पाहिलीय, पण तुझी जास्त ठसठशीत. कुंडीतून लवकर जमिनीत लाव.

इथे थंडी आहे. विल्फचा उमलतोय. जास्त लिहीत नाही, हात गारठलेत.

तुझी,
म्युरिएल


किलडॉन
२४ फेब्रुवारी १९८३

प्रिय म्युरिएल,

प्रत्येक स्नोड्रॉपला आत असते ती हिरवी खूण त्या फुलाला नाही. कुठेच नाही. आतून बाहेरून नुसतं पांढरं, दुधासारखं. गंमत म्हणून मी तसं विचारलं होतं. वाटलं होतं, तू मला शेलक्या शिव्या घालशील आणि मग आनंदाने ओरडशील.

तू डबी उघडलीच नाहीस ना? फुलं ओळखून घ्यायला लोकांच्या डब्या तुझ्याकडे ढिगाने येतात, मला माहीत आहे. पण मी लोकांपैकी एक आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. कंटाळा आला असेल तर तसं सरळ सांगायचं. मी काही शाळेतलं पोर नाही, की ज्याच्या वहीवर न वाचता 'छान' असा शेरा मारून द्यावा. मी स्वतः असे शेरे मारलेत, म्हणून ओळखतो.

हेक्टर


नेदरकोम्ब
९ मार्च १९८३

प्रिय हेक्टर,

हे अक्षर माझं नाही हे तू ओळखलं असशीलच. शेजारची डोरीन पेगलर लिहितेय. मी सांगतेय तसं लिही, मध्ये स्वतःचं घालू नकोस, असं तिला बजावलंय.

डबी मी उघडली होती. त्याच मिनिटाला उघडली. खिडकीत नेली, भिंग घेतलं, दिव्याखाली धरली. हेक्टर, मला दिसलं नाही. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. कडेकडेचं दिसतं, मधोमध राखाडी धुकं. दीड-दोन वर्षं हे चाललंय. ग्लॉस्टरचे डॉक्टर म्हणाले, पूर्ण आंधळ्या नाही व्हायच्या, पण गेलेलं परत येणार नाही. तुझी पत्रं मी भिंगाने एकेक अक्षर चिवडत वाचत होते. जाड पेन त्यासाठीच.

तुला सांगितलं नाही कारण कुणालाच सांगितलं नाही. माझ्याकडे डब्या येतात त्या माझ्या डोळ्यांसाठी. डोळे गेले म्हटल्यावर मी कोण उरले? नेदरकोम्बमधली आणखी एक म्हातारी. म्हणून थापा मारल्या. पोस्टाने आलेल्या प्रत्येक फुलाला नाजूक आणि रेखीव म्हणत सुटले. कुणी ओळखलं नाही. तू ओळखलंस, आणि नेमकं उलटं ओळखलंस. तुझं पत्र वाचून जे वाटलं ते डोरीनला लिहायला सांगणार नाही.

(त्या रडल्या. – डोरीन)

आता दुसरं. ते पहिल्यापेक्षा वाईट आहे.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी डोरीनला बागेत नेलं. म्हटलं, आता लपवून काय उपयोग, हिला एकदा विल्फचा स्नोड्रॉप नीट बघू दे आणि मला सांगू दे. तिने फूल उलटं करून बघितलं. मी विचारलं, काय दिसतंय? म्हणाली, "पांढरं. खाली हिरवं. झालं." मी म्हटलं, हिरवं किती? आतली अख्खी पाकळी हिरवी आहे का? ती म्हणाली, "छे हो मिसेस ट्रँटर, टोकाला इवलुसं. चर्चच्या अंगणात असतं तसंच." मी फूल तोडून घरात आणलं, शेगडीजवळ धरलं आणि हुंगलं. गावठी. नुसता मधासारखा, कुणाच्याही अंगणातला वास. तिथला प्रत्येक गुच्छ आम्ही असा तपासला. विल्फचा नाही, हेक्टर. हेझलखाली कुठेच नाही.

मग माझ्या लक्षात आलं. गेल्या मार्चमध्ये गावठी समजून जो गुच्छ मी अख्खा उपटला तोच तो असणार. कसं झालं ते कळत नाही. हेझलखालची हातभर जागा मला पाठ आहे. ॲनिमोनीची पानं जिथे संपतात, तिथला पहिला गुच्छ गावठी, त्याच्या पलीकडचा विल्फचा. बोटांनी चाचपून मी पहिला उपटला. फुलं नव्हती, वास नव्हता, नुसती पानं. आणि नुसत्या पानांवरून ते दोघे सख्खे भाऊ.

जो मी सख्ख्यांना दिला नाही तो चर्चच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, न्या, गावठी आहेत.

गेले काही दिवस डोरीन आणि मी गावभर फिरतोय. लोकांच्या फाटकातून आत शिरायचं, गुडघे टेकायचे आणि हुंगायचं. डोरीन सांगते, बाईंचं औषधाचं काम आहे. पण थंडी अशी पडलीय की उघड्यावर कशालाच वास नाही. पोस्टमास्तरांनी त्यांचे कचऱ्याच्या डब्यामागे लावलेत. खाटकाच्या बायकोने कुंडीत लावून कुंडी बहिणीला दिली. एकाने त्यांच्यावरून गवत कापायचं मशीन फिरवलं. बाकी कुणी काय नेलं ते कुणालाच आठवत नाही, आणि आठवावं तरी का? गावठी होते ना.

(मी त्यांना म्हटलं की आपण सगळ्या गावाला खरं सांगू या. त्या नको म्हणतात. – डोरीन)

तू उंदीर म्हणाला होतास, अळी म्हणाला होतास. अळी मीच निघाले. विल्फला जाऊन इतकी वर्षं झाली, पण दर फेब्रुवारीत मला वाटायचं, आला टोपी घेऊन. यंदा कुणी आलं नाही.

तू चिडलास ते बरोबर होतं. चिडलेलाच राहा हवं तर, पण कारण खरं असू दे.

म्युरिएल


किलडॉन
९ मार्च १९८३

लबाड बाई!

प्रिय वगैरे पुढच्या पत्रात. आज घाईघाईत लिहितोय, तेव्हा शाईचे डाग माफ कर.

आज सकाळी भिंतीखालचे तुझे गावठी उमलले. लापशीची वाटी हातात घेऊन त्यांना नेहमीचे दोन शब्द बोलायला गेलो. एक फूल सहज बोटाने वर केलं. आत हिरवं. अख्खं हिरवं, आणि कडेला पांढरी रेघ! वाटी खाली ठेवली. दुसरं वर केलं. तिसरं वर केलं. एक तोडून घरात आणलं, चहाच्या किटलीशेजारी ठेवलं, आणि शप्पथ सांगतो, किटली शिट्टी मारायच्या आत खोलीभर कडू बदामाचा वास. केकसारखा. मांजरीसारखा नव्हे.

मी खुर्चीत बसलो आणि ढसाढसा रडलो. बरं झालं, बघायला कोणी नव्हतं.

म्हणजे गेल्या मार्चमध्येच तू दिलास! एकीकडे पत्रात एक कांदासुद्धा मिळणार नाही म्हणून ठणकावलंस, आणि दुसरीकडे बिस्किटाच्या डब्यात, गावठी म्हणून, तोच बांधून पाठवलास. वर्षभर मूग गिळून बसलीस. आणि मी मूर्ख, डबी उघडली नाही म्हणून तुझ्यावर तोंड टाकलं. तेही आता कळलं. ज्या फुलावर खूण नाही त्याची खूण छान आहे म्हणणं हा तुझा टोला होता, माझ्या टोल्याला. मी इतका बावळट की मला तो कळला नाही. ते पत्र फाडून टाक. मी ते लिहिलंच नव्हतं असं समज.

म्युरिएल, मला नीट आभार मानता येत नाहीत. आमच्याकडे तशी सवय नाही. विल्फ आणि मी एका पलंगावर झोपून वाढलो. तो गेल्यावर मी त्याची काठी घेऊन गेलो, पण मासे पकडायला कधी नेली नाही. दाराआड उभी आहे. आज पहिल्यांदा या घरात माझ्याशिवाय आणखी कोणी राहतं असं वाटलं. तू तुझं सगळ्यात जवळचं मला दिलंस. मी ते जपेन.

पाद्रीबुवांना सांगितलं. खाटकाला सांगितलं. दोघांनाही काही कळलं नाही, पण दोघांनी माझे हात हातात घेतले.

तुझा, कायमचा ऋणी,
हेक्टर


नेदरकोम्ब
११ मार्च १९८३

हेक्टर,

हे मी स्वतः लिहितेय. जाड पेनाने. ओळी वाकड्या गेल्या तर जाऊ देत.

तुझं पत्र डोरीनने दोनदा वाचून दाखवलं.

तो जिवंत आहे.

माझं परवाचं पत्र एव्हाना तुला मिळालं असेल. तेव्हा तुला कळलंय की मी तुला तो दिला नव्हता. मला थाप मारता आली असती. हल्ली चांगली जमते. पण तुझ्या आभारांवर माझा हक्क नाही.

म्हणून आता देते. हाताने चुकून दिला तो आता तोंडाने देते. तो तुझा आहे. आणि हेक्टर, तू लापशी सोडून बघायला गेलास याबद्दल देव तुझं भलं करो.

म्युरिएल


किलडॉन
१४ मार्च १९८३

प्रिय म्युरिएल,

तुझी दोन्ही पत्रं समोर आहेत.

पहिलं वाचून एक संध्याकाळ मला वाईट वाटलं हे लपवत नाही. ज्या देणगीचं मी गावभर कौतुक सांगितलं ती देणगी नव्हतीच, असं कळल्यावर तोंडात मारल्यासारखं झालं. मग तुझ्या डोळ्यांचं पुन्हा वाचलं, आणि माझी स्वतःचीच लाज वाटली. सहा ओळींचं पान बघून मी विनोद केला. ज्याने चाळीस वर्षं पोरांची अक्षरं तपासली त्याला एवढं कळू नये?

आणि मग तुझं दुसरं पत्र आलं. वाकड्या ओळींचं. ते मी चौकटीत बसवून घेणार आहे, तू कितीही आरडाओरडा केलास तरी.

आता ऐक. तू म्हणतेस, डोळे गेल्यावर मी कोण उरले. ज्यांच्या बागा तू भरल्यास त्यांना जाऊन विचार. माझी बाग तर तू डोळे नसताना भरलीस. त्या पांढऱ्या फुलाचं नाव मी 'म्युरिएल' ठेवणार होतो, अजूनही ठेवणार आहे. त्याची खूण बघायची गरजच नाही, कारण त्याला खूण नाही. त्याच्यासारखं तुला सोयीचं फूल जगात दुसरं नाही.

गुरुवारच्या गाडीने येतोय. माझ्या मांडीवर कुंडी असेल. अर्धे तुझे, अर्धे माझे. वाद घालू नकोस. आपलं गेलं तर परत मागता येतं, हे तूच शिकवलंस, आणि मागायच्या आधी आणून द्यायला मला कोण अडवतंय?

हेझलखाली नेमकं काय झालं तेही बघू. मला एक शंका आहे.

डोरीनबाईंना माझा नमस्कार. त्यांच्या कंसांबद्दल विशेष आभार.

तुझा,
हेक्टर


नेदरकोम्ब
१० एप्रिल १९८३

प्रिय हेक्टर,

तू सुखरूप पोचलास हे तुझ्या कार्डावरून कळलं. डोरीन लिहितेय. तिला आता मध्ये स्वतःचं घालायची परवानगी आहे, नाहीतरी ऐकते कुठे.

आज ऊन पडलंय. मी हेझलपाशी खुर्ची टाकून बसलेय. डोरीन म्हणते, सगळी ॲनिमोनी उघडलीय, हेझलपासून फाटकाच्या वाटेपर्यंत निळं निळं. मला समोरचं दिसत नाही, पण डोळ्यांच्या कडेला निळं हलतंय ते दिसतं. एवढं पुरे.

त्या दिवशी तू चिखलात पालथा पडून ओरडलास, "म्युरिएल, ही बया चालत आलीय!" तेव्हा मला आधी कळलंच नाही. मग तू माझा हात धरून पानांच्या खाली नेलास आणि जुना गावठी गुच्छ दाखवलास, ॲनिमोनीच्या पोटात बुडालेला. ती दरवर्षी चार बोटं सरकत होती आणि मी मात्र तिच्या कडेवरून मोजत होते. कड गावठीला गिळून पुढे गेली, आणि कडेचा पहिला गुच्छ विल्फचा झाला. दिसत असतं तर माझ्या हे लक्षात आलं असतं. सरकणाऱ्या झाडाची खूण धरून कांदे उपटणारी बागवाली, ही गोष्ट तू कुणाला सांगितलीस तर बघ.

(मी सांगितली. सगळ्या गावाला. आता पुढच्या फेब्रुवारीत सगळेजण आपापल्या अंगणातलं एकेक फूल इथे शेगडीजवळ हुंगवायला आणणार आहेत. पोस्टमास्तरांनी कचऱ्याचा डबाही हलवलाय. – डोरीन)

मी त्या ॲनिमोनीला किती शिव्या घातल्या होत्या. पण खरं बोलायचं तर, ती सरकली नसती तर मी विल्फचा कधीच कुणाला दिला नसता. माझ्यामागून कोणीतरी ही जागा विकत घेतली असती, हेझल तोडून मोटार ठेवायची जागा केली असती, आणि विल्फने मशीनखालून वाचवलेलं फूल दुसऱ्या मशीनखाली गेलं असतं. माझ्या मुठीतून ते सोडवायला तुझं काडीकचऱ्यासारखं मूळ यावं लागलं. तिचे आभार मी रोज मानते. मोठ्याने. डोरीनला वाटतं मी तिच्याशी बोलतेय.

तू आलास तेव्हाची एक गोष्ट सांगायची राहिली. स्टेशनवरून येऊन तू दारात उभा होतास, बूट काढत, हवेबद्दल काहीतरी बडबडत. कुंडी तू आधीच शेगडीजवळ ठेवली होतीस. मी किटली भरत होते. आणि तू हवेबद्दल बोलत असतानाच मला तो वास आला. माझं लक्ष तुझ्याकडे नव्हतं, माफ कर. क्षणभर मला खरंच वाटलं, आता टोपी खुंटीला अडकवल्याचा आवाज येईल. वास मांजरीसारखाच आहे, हेक्टर. मी मरेपर्यंत हेच म्हणणार. पण इतकं सुख मला कशानेच झालं नव्हतं.

काल डोरीनने एक कांदा मागितला. इतकी वर्षं शेजारी राहते, तिने कधी काही मागितलं नव्हतं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं, आणि सगळ्यात जाड कांदा चाचपून तिच्या हातात ठेवला.

(मी मागितला नव्हता. मी फक्त विचारत होते, चहा ठेवू का. पण घेतला. – डोरीन)

तुझी,
म्युरिएल